वकिली पोटासाठी आणि लॅटिन मनासाठी?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

माझे बाबा दिवाणी वकील होते. गेल्या वर्षी गेले. आयुष्यभर कोर्टात जात होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं दर बुधवारी-शनिवारी संध्याकाळी घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅटिन शिकवत होते. सुरुवातीला कायद्याचे विद्यार्थी यायचे, पुढे कुणीही. फी घेत नसत. आता वकील संघ त्यांच्यावर स्मरणिका काढतोय आणि मुख्य लेख मी लिहावा असं ठरलंय. भाऊ म्हणतो, लॅटिन एका परिच्छेदात आटप, तो बाबांचा छंद होता, आणि तसंही कोर्टातून लॅटिन हद्दपारच होतेय. शोकसभेत मात्र त्यांचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “सर मुळात शिक्षकच. वकिली पोटासाठी केली.” तेव्हापासून मला चैन नाही. आमच्या शिक्षणासाठी, घरासाठी त्यांनी नको असलेलं आयुष्य काढलं का? त्यांच्या वह्या, पुस्तकं, फाइली तशाच पडून आहेत. विद्यार्थ्यांना तो वर्ग आमच्याच घरी चालू ठेवायचाय. आणि शेवटचं, लिहू की नको कळत नव्हतं: परक्या मुलांना त्यांनी जो धीर दाखवला, तो मला कधी मिळाला नाही.
— एका वकिलाची मुलगी

ताई,

शोकसभेत माणसं खोटं बोलत नाहीत, पण नेमकंही बोलत नाहीत. समोर घरची मंडळी बसलेली असतात, हातात माइक असतो, दोन मिनिटं मिळालेली असतात. त्यात जे वाक्य टाळ्या नाही तरी मान डोलावून घेईल, ते तोंडून निघतं. “मुळात शिक्षकच” हे तसलं वाक्य आहे. त्या विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण त्याने तुमच्या बाबांना पाहिलं ते बुधवारी आणि शनिवारी, संध्याकाळी, टेबलाच्या पलीकडून. ही साक्ष तुमच्या बाबांसमोर आली असती, तर उलटतपासणीत त्यांनी एकच प्रश्न विचारला असता: तुम्ही त्यांना कोर्टात उभं राहिलेलं किती वेळा पाहिलंत?

आता तुमच्याच पत्रातला पुरावा बघा. धाकटा भाऊ नोकरीला लागला तेव्हा बाबा ५८ वर्षांचे होते, घराचं कर्ज त्याआधीच फिटलं होतं, असं तुम्ही लिहिता. आणि बाबा कोर्टात जायचे थांबले ते ७१व्या वर्षी, तेही गुडघ्यांनी दगा दिला म्हणून. मधली तेरा वर्षं ते कुणाच्या पोटासाठी जात होते? ज्याला सुटायचं असतं, तो दार उघडल्यावर तेरा वर्षं आत बसून राहत नाही. त्या वर्षांत वर्ग आठवड्यातून चार दिवस करता आला असता. त्यांनी दोनच ठेवले. हे त्यांनी ठरवलेलं प्रमाण होतं, लादलेलं नव्हे. तुमच्या फीच्या पावत्यांचं ओझं निदान एवढ्यापुरतं तरी खाली ठेवा.

मग ते वाक्य इतकं खरं का वाटलं? कारण त्या गोष्टीचा साचा फार जुना आहे. कायद्याने पिचलेला आणि लॅटिनवर जीव असलेला माणूस ही प्रतिमा चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क या इटालियन कवीपासून आपल्या डोक्यात बसली आहे. वडिलांनी त्याला कायदा शिकायला आधी माँपेलिएला आणि मग बोलोन्याला पाठवलं. मुलगा चोरून लॅटिन कवी आणि वक्ते वाचतोय म्हटल्यावर वडिलांनी पुस्तकं जाळात टाकली. मुलगा रडायला लागला तेव्हा अर्धवट जळालेली दोन बाहेर काढली, एक कवी व्हर्जिलचं, एक वक्ता सिसेरोचं. ही हकिगत पेत्रार्कने स्वतःच लिहून ठेवलीय, आणि लिहिणारा तयारीचा असल्यामुळे ती साडेसहाशे वर्षं टिकलीय. वडील १३२६ साली वारले आणि याने कायदा सोडला तो सोडलाच. त्याच्यापुरतं ते खरं होतं. पण त्याच्यासारखं लिहिता न येणारे शेकडो वकील दिवसा दस्त करत होते आणि रात्री लॅटिन वाचत होते, त्यांच्या घरी काही जळलं नाही, म्हणून त्यांची गोष्ट झाली नाही. तुमच्या बाबांना पेत्रार्कच्या साच्यात बसवू नका. त्यांना दुसरा पूर्वज आहे, आणि तो जास्त जवळचा आहे.

क्विंटिलियन. पहिल्या शतकातला, स्पेनमधल्या कालागुर्रिस गावचा. रोममध्ये तो कोर्टात खटले चालवायचा आणि शाळाही चालवायचा, आणि यातलं एक खरं नि दुसरं नाइलाजाचं असं त्याच्या लिखाणात कुठे जाणवत नाही. उलट कोर्टात काय चालतं आणि काय आपटतं हे स्वतः पाहिलेला माणूस वर्गात बोलतोय, हे पानोपानी कळतं. वेस्पासियन बादशहाने लॅटिन वक्तृत्वाच्या शिक्षकाला सरकारी खजिन्यातून वर्षाला १,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) पगार सुरू केला, त्याचा पहिला मानकरी हाच. गंमत अशी, की त्याच रोममध्ये वकिलाने अशिलाकडून पैसे घ्यायला इ. स. पूर्व २०४च्या एका कायद्याने बंदी होती. लोक ती सर्रास मोडत, आणि शेवटी इ. स. ४७मध्ये क्लॉडियस बादशहाने १०,००० सेस्टर्सपर्यंत घ्यायला मुभा दिली. म्हणजे कागदोपत्री तरी शिकवणं हा पोटाचा धंदा आणि वकिली ही मानाची सेवा. तुमच्या घरात हे बरोबर उलटं होतं. तेव्हा पैसा कुठून आला यावरून माणूस मुळात कोण होता हे काढायला गेलं, तर क्विंटिलियन मुळात मास्तर ठरेल आणि तुमचे बाबा मुळात वकील, आणि दोन्ही उत्तरं सारखीच पोकळ असतील.

भावाकडे वळते. त्याचं निम्मं बरोबर आहे. स्मरणिका वकील वाचणार, त्यांना खटले हवेत, ते द्या. लॅटिन कोर्टातून जातेय हेही खरं. खरं तर इंग्लंडच्या कोर्टांचं दप्तर लॅटिनमध्ये ठेवणं १७३३ सालीच थांबलं, आणि उरलेसुरले बरेच शब्द तिथल्या दिवाणी नियमांनी १९९९मध्ये काढून टाकले. पण म्हणूनच भावाचा ‘छंद’ हा शब्द टिकत नाही. छंदाला तहकुबी मिळते. पाऊस आहे, पाहुणे आहेत, उद्या मोठी तारीख आहे, की छंद पुढच्या आठवड्यावर जातो. तुम्हीच लिहिलंय, की बुधवारी संध्याकाळी बाबा कुठल्याही अशिलाला वेळ देत नसत, आणि एका बड्या अशिलाने त्यावरून वकीलपत्र काढून घेतलं तेव्हा त्यांनी फाइल बांधून हसत परत केली. याला छंद म्हणत नाहीत. ते बोर्डावरचं, म्हणजे त्या दिवशी सुनावणीला लागलेलं, काम होतं.

मग ज्या भाषेचा कोर्टात उपयोग उरला नाही, ती ते कायद्याच्याच पोरांना का शिकवत होते? याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या फोटोत आहे. तुम्ही ते पान ‘अक्षर बघा किती सुंदर’ म्हणून पाठवलंत. अक्षर सुंदर आहेच, पण मी त्यावर संबंध एक दुपार घालवली ती दुसऱ्या कारणासाठी.

पानाच्या वर एक वाक्य आहे: यूस्तितिआ एस्त कोन्स्तान्स एत पेर्पेतुआ वोलुन्तास यूस सुउम कुइक्वे त्रिबुएन्स. न्याय म्हणजे ज्याचं त्याला हक्काचं देणारी, न ढळणारी, अखंड इच्छा. मूळ वाक्य तिसऱ्या शतकातल्या उल्पियन या कायदेपंडिताचं. जस्टिनियन बादशहाने कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक करवून घेतलं, त्याची सुरुवात या वाक्याने होते. ते पुस्तक ५३३च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात त्याच बादशहाच्या हुकमाने जुन्या पंडितांच्या उताऱ्यांचा ५० खंडांचा संग्रह जाहीर झाला, आणि त्यातही हेच वाक्य आहे. फक्त शेवटचा शब्द वेगळा. तिथे त्रिबुएन्स नाही, त्रिबुएन्दी आहे. तुमच्या बाबांनी दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून त्यांच्या शेपट्यांना लाल पेन्सिलीने गोल केलाय आणि खाली मराठीत प्रश्न टाकलाय: ‘देणारी इच्छा, की देण्याची इच्छा?’

ताई, हा व्याकरणाचा प्रश्न आहे असं विद्यार्थ्यांना वाटलं असेल. पण कुठलाही मुरलेला दिवाणी वकील हे वाचून खुर्चीत सरसावून बसेल. देणारी इच्छा म्हणजे जी प्रत्यक्ष देते ती. देण्याची इच्छा म्हणजे द्यायचं मनात आहे, दिलं की नाही हा पुढचा मुद्दा. करारनाम्यात, मृत्युपत्रात, ताबापावतीत याच फरकावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. घर द्यायचं ठरवलं होतं, की घर दिलं होतं? एका शेपटीवर केस उभी राहते नाहीतर आडवी होते. तुमच्या बाबांनी त्या पानावर उत्तर लिहिलेलं नाही. बहुधा तो शनिवारचा गृहपाठ असावा.

लॅटिन शिकवायची रीतच अशी आहे, की वकिलाच्या हाताला ती ओळखीची वाटते. शब्दांचा क्रम मोकळा, सगळा अर्थ शेपटीत. नवशिका माणूस पहिल्या शब्दापासून वाचत सुटतो आणि तिसऱ्या शब्दाला बुडतो. मास्तर सांगतो, थांब, आधी क्रियापद शोध, मग त्याचा कर्ता, मग बाकीचे कुणाकुणाला चिकटलेत ते बघ. विभक्तीच्या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाला हे तुलनेने सोपं जातं, आणि बाबा मराठीतूनच शिकवायचे हे वाचून मला फार बरं वाटलं. लॅटिनची एकटी एक विभक्ती आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघींचं काम कशी करते, हे ज्याने ‘ने, हून, त’ म्हणत लहानपण काढलंय त्याला पाच मिनिटांत कळतं. आता हीच रीत कायद्याच्या कलमाला लावा. सहा ओळींचं वाक्य, त्यात दोन ‘परंतु’, एक ‘वगळून’. हे ‘वगळून’ नेमकं कशाला लागू? पक्षकाराचं नशीब त्या चिकटण्यावर असतं.

आणि तुम्ही पत्रात जाता जाता, कंसात, एक गोष्ट लिहिलीत: जुन्या निकालपत्रांवरही बाबांच्या तशाच लाल रेघा आहेत, क्रियापदाखाली दोन, कर्त्याखाली एक. ताई, तुमचा लेख त्या कंसात आहे. दोन आयुष्यं नव्हतीच. सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी सातला एकच माणूस एकाच पेन्सिलीने एकच काम करत होता. ‘मुळात’ कोण, हा प्रश्न तिथे विरतो.

म्हणून लेखाची सुरुवात जन्मतारखेने करू नका. ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘ज्ञानदानाचा वसा’, ‘हाडाचे शिक्षक’ हे शब्द बाकीचे लेखक भरभरून वापरणार आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी सोडा. एक निकालपत्र घ्या, शेजारी ते वहीचं पान ठेवा, आणि वाचकाला रेघा दाखवा. शक्य असेल तर दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी छापून घ्या (निकालपत्र जाहीर झालेलं असेल तरच, अशिलाची नावं झाका). मग खटले सांगा, मग वर्ग सांगा, कुठला आधी याला महत्त्व उरणार नाही.

माहिती गोळा करताना लोकांना “सर कसे होते?” असं विचारू नका. उत्तर येईल, “फार मोठा माणूस.” विद्यार्थ्यांना विचारा, त्यांनी तुमच्याकडून पुन्हा पुन्हा सोडवून घेतलेलं एक वाक्य सांगा. जुनिअरांना विचारा, तुमचा पहिला दावा त्यांनी तपासला तेव्हा काय काय खोडलं. कारकुनांना विचारा, ते बहुतेक वेळा सगळ्यांत चांगले साक्षीदार असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. उच्चारांचा तुम्ही लिहिलेला किस्सा नक्की घ्या: कोर्टात ज्याला (म्हणजे ‘प्रथमदर्शनी’ला) सगळे ‘प्रायमा फेशी’ म्हणतात, ते वर्गात ‘प्रीमा फाकिए’ म्हणायला लावायचे, आणि निघताना बजावायचे, “उद्या कोर्टात न्यायाधीश म्हणतील तसंच म्हणा, तिथे लॅटिन शिकवायला गेलेला नाहीत.” यात त्यांचं सगळं तारतम्य आलं. वकील मंडळी हे वाचून हसतील आणि लेख पुढे वाचतील.

आता ते शेवटचं वाक्य. पत्राच्या तळाशी, सहीच्या वर, वेगळ्या शाईत. मला वाटतं बाकीचं पत्र तुम्ही त्या वाक्यासाठी लिहिलंत.

तुम्ही सातवीत असताना त्यांनी तुम्हाला लॅटिन शिकवायला घेतलं, आणि काही दिवसांतच ‘तुला लक्षच द्यायचं नाही’ म्हणून वही मिटली. त्याच टेबलावर एका विद्यार्थ्याने तीच चूक महिनाभर केली तरी आवाज चढला नाही. हे तुम्ही पाहिलंत, दारातून. याची समजूत घालणं मला सोपं आहे. परक्या मुलाकडून बापाला काही नको असतं, म्हणून तो थांबू शकतो. स्वतःच्या मुलीच्या चुकीत त्याला तिचं सगळं भविष्य दिसतं. शिवाय विद्यार्थ्यांना आठवड्यातले चार निवडक तास मिळत, तुम्हाला उरलेले सगळे, कोर्टातून थकून आलेले. हे खरं आहे आणि तरी पुरेसं नाही. क्विंटिलियन शिक्षकाला सांगतो, की सर्वांत आधी विद्यार्थ्यांविषयी आईबापाचं मन धर. त्या वाक्याची दुसरी बाजू त्याला सांगावीशी वाटली नाही: घरी आल्यावर थोडं शिक्षकाचं मनही धर. तुमच्या बाबांनी ते करायला हवं होतं. त्यांना धीर कसा धरायचा हे येत होतं, हे तर चाळीस माणसं स्मरणिकेत लिहून देणार आहेत. तेव्हा तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती ‘मोठ्या माणसांचं असंच असतं’ म्हणून गुंडाळून ठेवायचं कारण नाही.

या बाबतीत लोक टॉमस मोरचं नाव घेतात, म्हणून आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी तुम्हाला ऐकवेल. सोळाव्या शतकातल्या लंडनचा नामांकित वकील, पुढे इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर (राजाचा सर्वोच्च न्यायाधिकारी), आणि घरात स्वतःच्या मुलांची शाळा भरवणारा बाप. मुलींनाही त्याने मुलाच्या बरोबरीने लॅटिन-ग्रीक शिकवलं, जे त्या काळात फारसं कुणी करत नव्हतं. थोरली मार्गारेट इतकी तयार झाली, की तिने इरॅस्मस या डच विद्वानाच्या लॅटिन पुस्तकाचं केलेलं इंग्रजी भाषांतर १५२४मध्ये छापलं गेलं. मुलांसाठी मोरने एक लॅटिन पद्यपत्र रचलं ते घोड्यावर बसून, पावसात, घोड्याचे पाय चिखलात रुतत असताना. त्यात तो मुलांना आठवण देतो, की मी तुम्हाला कधी फटकावलंच तर ते मोराच्या पिसांनी. वाचताना हेवा वाटतो. पण नीट बघा: तो घोड्यावर आहे. बहुधा राजाच्या कामावर, घरापासून लांब. रोजचं शिकवणं पगारी शिक्षक करत होते, आणि बापाकडून पत्रं येत होती, मुलांनी लॅटिनमधून उत्तरं धाडायची होती. लांबून धीर धरणं जमतं. रोज संध्याकाळी त्याच टेबलाशी, त्याच मुलीसमोर बसून मोरला तो जमला असता का, हे त्या पद्यावरून कळत नाही. तुमच्या बाबांच्या शेजारी मोरला उभं करून कुणी तुम्हाला खजील केलं, तर हे लक्षात असू द्या.

ही तक्रार लेखात घालायची का? तक्रार म्हणून नको. स्मरणिका हे त्याचं ठिकाण नाही, आणि मेलेल्या माणसाला कैफियत दाखल करता येत नाही. पण वस्तुस्थिती म्हणून एक वाक्य जरूर घाला. ‘बुधवारी आणि शनिवारी आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवायचो.’ हे तुमच्याच पत्रातलं आहे. त्यावर भाष्य करू नका, ‘पण त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही’ असली मखलाशी तर मुळीच नको. सगळ्या स्मरणिकेत एवढं खरं दुसरं वाक्य असणार नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी मुलं आहेत, त्यांना ते कळेल. उरलेलं आईशी बोला. ती त्याच स्वयंपाकघरात उभी होती, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, हे मला जरा खटकलं.

कागदपत्रांचं पाहू. पहिलं काम, अशिलांच्या फाइली आणि लॅटिनच्या वह्या वेगळ्या करा, आणि हे विद्यार्थ्यांच्या हातून करून घेऊ नका. अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित वकील गेल्यावरही गुपितच राहतं. ज्या जुनिअरांनी बाबांची कामं पुढे घेतली, त्यांना बसवून फाइली त्यांच्या हवाली करा. मूळ दस्तऐवज ज्याचे त्याला पोचते व्हायला हवेत आणि त्याची पोच घ्यायला हवी. काही वह्यांत दोन्ही असणार, एका बाजूला धातू चालवलेले आणि उलट बाजूला कुणाच्या वाटपाचा हिशेब. त्या वह्या घरीच ठेवा.

लॅटिनच्या वह्यांचे फोटो पानांच्या क्रमाने काढून घ्या. मध्ये घातलेल्या चिठ्ठ्या जिथे सापडतील तिथेच राहू द्या, काढायच्या झाल्या तर पानाचा आकडा पेन्सिलीने मागे लिहा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. समासात टिपणं असलेली पुस्तकं एकत्र ठेवा. कोरी पुस्तकं ज्यांना वापरायची आहेत त्यांना द्या. वह्यांचं पुस्तक छापावं असं कुणीतरी सुचवेलच. माझं मत विचाराल तर नको. शिकवण्याची टिपणं म्हणजे निम्मं बोलणं असतं, बोलणारा गेला की ती निम्मीच उरतात.

मात्र रद्दीत काहीही घालू नका. दुसऱ्या शतकात गायस नावाचा एक कायद्याचा माणूस विद्यार्थ्यांना शिकवत होता. त्याचं पूर्ण नावही आज कुणाला माहीत नाही. त्याच्या वर्गाचं पाठ्यपुस्तक इतकं सुटसुटीत होतं, की जस्टिनियनच्या पंडितांनी आपलं पुस्तक त्याच्याच बेतावर रचलं. मग मूळ पुस्तक जवळपास नाहीसं झालं. १८१६मध्ये नीबूर नावाच्या जर्मन इतिहासकाराला व्हेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात ते सापडलं: कातडी पानं खरवडून वर कुणीतरी संत जेरोमची पत्रं उतरवली होती, आणि खाली गायसचा वर्ग फिकट दिसत होता. तुमच्या वह्यांवर कुणी पत्रं लिहिणार नाही, पण भाऊ कपाट रिकामं करायच्या घाईत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगितलं.

वर्ग घरी चालू ठेवायचा प्रश्न मी एका शब्दात संपवते: नाही. तुम्हाला नकोसं वाटतंय हे पत्रातूनच दिसतं, कारण त्यांची तयारी किती चांगली आहे याची तुम्ही दहा ओळींत वकिली केलीत आणि स्वतःची इच्छा कुठेच लिहिली नाहीत. त्यातल्या दोघांना शिकवता येण्याइतकं लॅटिन येतं म्हणता, मग त्यांनी आपलं टेबल शोधावं. कोरी पुस्तकं, शब्दकोश आणि फळा त्यांना देऊन टाका. एखाद्या बुधवारी जाऊन बसावंसं वाटलं तर जा, पण यजमानीणबाई म्हणून नको.

लेखाची मुदत महिनाअखेरची आहे. भावाला मसुदा दाखवाच, त्याच्याकडे खटल्यांची वर्षं तुमच्यापेक्षा पक्की असतील, ती तपासून घ्या. फक्त छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दाखवा.